उतारशाळेचे पैसे कोण देणार?

रविवारची दुसरी मिस्सा आटोपली की सॅक्रिस्टीच्या दाराशी एखादे कुटुंब थांबलेले असते. हल्ली कुणीच थांबलेले नाही असा रविवार विरळा. आईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला पासपोर्ट, शेजारी नवे बूट घातलेला मुलगा आणि दोन पावले मागे, काहीशा संकोचाने उभे असलेले वडील. ‘‘फादर, बुधवारचं विमान आहे. आशीर्वाद द्या.’’ मी पासपोर्टवर हात ठेवून प्रार्थना म्हणतो, पवित्र पाणी शिंपडतो. मग चौकशी सुरू होते. थंडीचे जॅकेट घेतले का? घेतले. मसाला, सुकेळी, सुके बोंबील? दोन बॅगा भरून. राहण्याची सोय? मावसभाऊ आहे. विमानतळावर सोडायला किती गाड्या? तीन. आणि मग मी विचारतो, ‘‘तिथे आजारी पडलास तर?’’

येथे क्षणभर शांतता पसरते. मुलगा आईकडे पाहतो. आई माझ्याकडे पाहते आणि धर्मगुरूनेच असा अभद्र प्रश्न विचारावा याचे नवल तिच्या चेहऱ्यावर उमटते. मग उत्तर येते, ‘‘देव आहे ना, फादर!’’

पूर्वी हे उत्तर ऐकून मला बरे वाटत असे. गेली काही वर्षे त्याचा मला राग येतो. हा लेख त्या रागातून लिहिला आहे, हे वाचकांनी आरंभीच जाणून घ्यावे. माझे म्हणणे थोडक्यात असे: परदेशी राहायला जाणाऱ्या माणसाच्या आजारपणाची तरतूद हा आपल्या समाजात सर्वांत शेवटचा, सर्वांत स्वस्त आणि कुणीही न वाचलेला कागद होऊन बसला आहे, आणि ह्या निष्काळजीपणाला आपण श्रद्धेचे नाव देतो.

ज्या घटनेने माझे डोळे उघडले ती २०२३ सालच्या हिवाळ्यातली. त्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगतो. आमच्या भागातले एक केळीचे बागायतदार. त्यांना आपण काका म्हणू. मुलगा कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतात स्थायिक. नातू झाला तेव्हा त्याने आईवडिलांना ‘सुपर व्हिसा’वर बोलावून घेतले. ही सोय कॅनडाने डिसेंबर २०११ मध्ये सुरू केली. तिथे स्थायिक झालेल्यांच्या आईवडिलांना आणि आजीआजोबांना ती मिळते, आणि २०२२ पासून एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येते. तिची एक अट आहे. निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्ष मुदतीचा आरोग्य विमा हवा. त्यात उपचार, रुग्णालयातला मुक्काम आणि मायदेशी परत पाठवण्याचा खर्च, तिन्ही बसले पाहिजेत. कारण उघड आहे. तिथली सार्वजनिक आरोग्य योजना प्रांताच्या रहिवाशांसाठी आहे. पाच वर्षे नातवंडे सांभाळली तरी आजोबा त्या सरकारच्या दृष्टीने पाहुणेच!

मुलाने कारखान्यातल्या जेवणाच्या सुटीत वडिलांना फोन लावला. ‘‘बाबा, तब्येत ठीक ना?’’ ‘‘ठीक.’’ ‘‘बीपीची गोळी चालू आहे?’’ ‘‘रोज.’’ संभाषण एवढेच. मुलाने अर्जावर खुणा केल्या, हप्ता भरला, कागद व्हिसाच्या अर्जाला जोडला आणि काका-काकू निघाले. पासपोर्टला आशीर्वाद मीच दिला होता.

जे त्या फोनवर विचारले गेले नाही आणि सांगितलेही गेले नाही ते असे: निघण्यापूर्वी सहा आठवडे काकांचे बीपी वाढले होते म्हणून आमच्या गावच्या डॉक्टरांनी गोळीची मात्रा दुप्पट केली होती. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, ‘‘आता अगदी स्टेबल आहे.’’ आता गंमत पाहा (गंमत हा शब्द मी दुःखाने वापरतो आहे). हाच ‘स्टेबल’ शब्द त्या पॉलिसीतही होता, पण त्याचा अर्थ निराळा होता. पाहुण्यांसाठीच्या तिथल्या बहुतेक पॉलिसींत आधीपासून असलेल्या आजाराला संरक्षण मिळते ते तो आजार ठरावीक काळ ‘स्टेबल’ असेल तरच. कुठे हा काळ नव्वद दिवसांचा असतो, कुठे एकशेऐंशी दिवसांचा. त्या काळात नवे लक्षण नको, नवे औषध नको, नवी तपासणी सुचवलेली नको आणि चालू औषधाच्या मात्रेत बदल नको. काही पॉलिसींत तर मात्रा कमी केली तरी तो बदलच धरला जातो. म्हणजे ज्या गोळीने काका आमच्या डॉक्टरांच्या भाषेत स्थिर झाले, त्याच गोळीने ते विमा कंपनीच्या भाषेत अस्थिर ठरले.

जानेवारीत नातवाला पाळणाघरातून आणताना त्यांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका आली, शस्त्रक्रिया झाली, नऊ दिवस रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. दारात कुणी पैशांचे नाव काढले नाही. पैशांचे नाव निघाले ते घरी आल्यावर, टपालाने आलेल्या बिलातून. मागोमाग विमा कंपनीचे पत्र आले. भाषा सौम्य होती, उत्तर नकाराचे होते.

रस्त्यालगतची वाडी विकली गेली. दोन पिढ्यांनी राखलेली विहीर तिच्याबरोबर गेली. धर्मग्रामाने वर्गणी काढली आणि वेदीवरून आवाहन मीच वाचून दाखवले. लोकांनी हात आखडता घेतला नाही. फुले विकणाऱ्या एका आजीबाईने तर त्या दिवसाची सगळी मिळकत पेटीत टाकली. त्या रविवारी मला माझ्या लोकांचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली. मी जॅकेटची चौकशी केली होती. गोळीची केली नव्हती.

ह्या प्रसंगावर गावात जी चर्चा झाली तिचा सूर एकच होता: विमा कंपन्या चोर आहेत. हप्ता घेताना हसतात, पैसे देताना तोंड फिरवतात. ह्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ज्या कागदावर माणसाचा जीव टांगलेला असतो तो कागद माणसाला समजेल अशा भाषेत लिहायला हरकत कसली असावी, हे मला आजवर उमगलेले नाही. चाळीस पानांच्या पॉलिसीत मुख्य गोष्ट एकतिसाव्या पानावर ‘व्याख्या’ ह्या मथळ्याखाली घालणे म्हणजे ती लपवणेच. परंतु चोर म्हणून मोकळे होण्यापूर्वी आपण आपल्याकडे पाहायला नको काय? तो कागद कुणी वाचला होता? मुलाने नाही, वडिलांनी नाही, धर्मगुरूनेही नाही. चारशे पाहुण्यांच्या निरोप-जेवणाचा मेन्यू मात्र तिघांनी मिळून तीन वेळा बदलला होता.

आणि काकांच्या बाबतीत निदान खोटेपणा नव्हता, अनवधान होते. इतरत्र पाहतो तेव्हा अनवधानही नसते. ‘‘साखर लिहू नका, हप्ता वाढेल,’’ असे सांगणारे एजंट आपल्या प्रत्येक नाक्यावर आहेत; आणि ते ऐकून मान डोलावणारे आपण मिस्सेला पहिल्या बाकावर असतो. मधुमेह पंधरा वर्षांचा, पण अर्जावर ‘नाही’. अँजिओप्लास्टी झालेली, पण अर्जावर ‘नाही’. विम्याचा करार जगभर ज्या एका तत्त्वावर उभा आहे ते म्हणजे संपूर्ण सचोटी: विचारलेले सारे सांगायचे, लपवायचे काही नाही. अर्जावरचे एक ‘नाही’ खोटे निघाले की त्या आजाराचा दावा तर बुडतोच, पुष्कळदा अख्खी पॉलिसी रद्द होते. मग पाय मोडला तरी कंपनी पैसे देत नाही, आणि पायाचा साखरेशी काय संबंध, असे आपण विचारत बसतो. पापनिवेदनाच्या तयारीसाठी जी प्रश्नावली आम्ही वाटतो तिच्यात हा प्रश्न मी आजवर घातला नव्हता. यंदाच्या उपवासकाळापासून घातला आहे.

दुसरी एक समजूत अशीच खोल रुजलेली आहे: ‘तिकडे सगळं फुकट असतं.’ तिकडे म्हणजे नेमके कुठे? फुकट म्हणजे कुणासाठी?

इंग्लंडचे उदाहरण घ्या. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली आणि तिचा लौकिक यथार्थ आहे. पण सहा महिन्यांहून अधिक काळासाठी तिथे जाणाऱ्याला २०१५ पासून व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. तो प्रथम वर्षाला २०० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ पौंड आहे, विद्यार्थ्यांना आणि अठरा वर्षांखालील मुलांना ७७६. जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचा अधिभार, आणि तोही एकरकमी, आगाऊ. आरोग्य सेवेतल्याच व्हिसावर जाणाऱ्या आपल्या नर्सभगिनींना त्यातून सूट आहे. हा अधिभार भरला की रहिवाशासारखे उपचार मिळतात, हे खरे. परंतु त्याच नर्सचे आईवडील सहा महिन्यांसाठी भेटीला गेले तर? त्यांच्यासाठी तो हक्क नाही. अपघात विभागात तपासतील, त्याचे पैसे घेणार नाहीत. पण रुग्णालयात दाखल केले की बिल सुरू होते, आणि ते दीडपट दराने. हे बिल पाचशे पौंडांच्या वर जाऊन थकले, तर पुढचा व्हिसा नाकारायला ते एक कारण पुरते. म्हणजे आजारी पडले आजोबा आणि नातीच्या बारशाला मुकली आजी!

कॅनडात कायम वास्तव्याचा परवाना घेऊन जाणाऱ्या तरुण जोडप्यांची गोष्टही तपासून पाहा. त्यांना वाटते, विमानातून उतरले की आरोग्य कार्ड हातात पडते. तिथली योजना प्रांतोप्रांती निराळी आहे, आणि १९८४ च्या राष्ट्रीय कायद्याने नव्या रहिवाशाला तीन महिन्यांपर्यंत थांबवून ठेवण्याची मुभा प्रांतांना दिलेली आहे. ऑन्टारिओने ही प्रतीक्षा २०२० च्या मार्चमध्ये, कोविडच्या काळात, काढून टाकली. ब्रिटिश कोलंबियात मात्र पोहोचलेला महिना संपून पुढचे दोन महिने जावे लागतात. मधल्या काळात मूल तापाने फणफणले तर? त्या दोन-तीन महिन्यांसाठी वेगळा विमा घ्यायचा असतो, आणि तो पोहोचताच, किंवा निघण्यापूर्वी घ्यायचा असतो. ताप आल्यावर नव्हे. गर्भवती पत्नीला घेऊन जाणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा. अशा अल्पमुदतीच्या पॉलिसींपैकी बहुतेकींत बाळंतपण धरलेले नसते. कार्ड हाती आल्यावरही दात, चष्मा आणि रुग्णालयाबाहेरची औषधे बहुतांश वेळा आपल्याच खिशातून.

आखाताचा रस्ता आपल्या लोकांना सर्वांत जुना आणि सवयीचा. म्हणूनच तिथे बेफिकिरी सर्वांत जास्त. दुबईने २०१३ च्या कायद्याने मालकावर कामगाराच्या आरोग्य विम्याची सक्ती केली. १ जानेवारी २०२५ पासून संयुक्त अरब अमिरातीच्या सर्व अमिरातींत खासगी कामगारांना आणि घरकाम करणाऱ्यांनाही तो मिळाला पाहिजे. चांगली गोष्ट आहे. पण दुबईत मालकाची सक्ती कामगारापुरती आहे. पत्नीला आणि मुलांना ज्याने आपल्या व्हिसावर नेले त्यानेच त्यांचा विमा काढायचा. सौदी अरेबियात कुटुंबाचाही भार मालकावर असतो. दोन शेजारी देश, दोन रीती. आणि आपला मुलगा एका देशातून दुसऱ्या देशात नोकरी बदलतो तेव्हा बायकोच्या कार्डाचे काय झाले हे त्याला विचारणारा कुणी नसतो. आणखी एक गट आहे, ज्याच्याविषयी मला खरी धास्ती वाटते: भेटीच्या व्हिसावर जाऊन नोकरी शोधणारे तरुण. त्यांना मालकच नसतो, मग मालकाचा विमा कुठला? त्यांच्या खिशात असते तिकिटाबरोबर मिळालेली प्रवास-विम्याची चिठ्ठी. तिच्यात हरवलेल्या बॅगेचे आणि चुकलेल्या विमानाचे पैसे असतात. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला पुरतील इतके पैसे पुष्कळदा नसतात. प्रवास-विमा हा जाऊन परत येणाऱ्याचा. राहायला जाणाऱ्याचा नव्हे. हे एक वाक्य घराघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवण्याजोगे आहे.

आपल्या सरकारने काहीच केले नाही असे नाही. २००३ पासून ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये, वर आजारपणासाठी थोडी तरतूद, आणि हप्ता दोन-तीन वर्षांसाठी मिळून काही शे रुपयांचा. परंतु ती सक्तीची आहे ती ज्यांच्या पासपोर्टला परदेशगमनाची मंजुरी लागते आणि जे ठरावीक अठरा देशांत नोकरीला जातात त्यांच्यासाठी. दहावी उत्तीर्ण झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. आपल्या वसईची मुले दहावी-बारावी शिकलेली, म्हणून ती ह्या छत्राबाहेर! अडाण्याला सरकारने सावली दिली आणि शिकलेल्याने स्वतःची काळजी स्वतः घ्यावी असे गृहीत धरले. तो ती घेतो का, हा प्रश्न आहे. अडचणीत सापडलेल्यांसाठी, मृतदेह मायदेशी आणण्यासाठी आपल्या वकिलातींकडे २००९ पासून एक कल्याण निधीही आहे. तो खऱ्या निराधारांसाठी असतो. दरमहा पैसे कमावणाऱ्या मुलाने त्याच्यावर विसंबून राहणे म्हणजे धर्मशाळेच्या पंगतीत सुटाबुटात बसणे.

आता मूळ उत्तराकडे वळतो: ‘देव आहे ना!’

आहे. त्याबद्दल माझी शंका असती तर मी हा झगा उतरवून ठेवला असता. पण सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उडी टाकायला सांगितली, तेव्हा देवदूत झेलतील ह्या भरवशावर येशूने उडी टाकली नाही, हे आपण उपवासकाळात ऐकतो. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना एक मुद्दा आमच्या गुरुजींनी घोटून घेतला होता: जे माणसाच्या हातात आहे ते न करता मदतीची अपेक्षा देवाकडून करणे म्हणजे श्रद्धा नव्हे, ती देवाची परीक्षा पाहणे होय.

दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. जखमांवर तेल आणि द्राक्षारस घालणारा तो, जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवणारा तो. प्रवचनात आम्ही इथेच थांबतो. पण गोष्ट इथे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या चालकाच्या हातावर दोन दीनार ठेवले आणि अधिक खर्च झाला तर परतताना तोही देण्याचे वचन दिले. येशूने हा हिशेब गोष्टीत कशासाठी घातला असावा? करुणेलाही खर्च असतो आणि तो कुणीतरी आधीच मोजून ठेवावा लागतो, म्हणूनच नाही काय? परमुलखात, अनोळखी रस्त्यावर पडलेल्या माणसाचा तो वैद्यकीय खर्च होता. आपली मुले त्याच रस्त्याने निघाली आहेत. शोमरोनी भेटेलही, पण उतारशाळेचे दोन दीनार दरवेळी त्यानेच द्यावेत अशी व्यवस्था आपण का करून ठेवतो?

आपले पूर्वज आपल्याहून अधिक शहाणे होते, असे मी सहसा म्हणत नाही. ह्या बाबतीत म्हणतो. गोव्याच्या खलाशांनी मुंबईत धोबीतलाव, माझगाव ह्या भागांत आपापल्या गावांच्या नावाने ‘कूड’ उभारले. भिंतीवर गावाच्या संताची वेदी, खाली ओळीने मांडलेल्या ट्रंका. वर्गणीच्या बळावर तिथे बेकार खलाशाला आणि आजारी खलाशाला आसरा असे. समुद्रावर जाणारा माणूस केव्हातरी आजारी पडणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. त्याला ते अभद्र म्हणत नसत. आपल्या वसईत १९१८ साली थोर धर्मगुरू मोन्सिनियर मोनीस ह्यांच्या पुढाकाराने सुरू झालेली पतसंस्था आज बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून उभी आहे. शेतकऱ्याने सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून सर्वांनी थोडे थोडे पैसे एकत्र ठेवायचे, हीच तिची कल्पना. तेराव्या लिओ पोपमहाशयांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात कामगारांच्या संघटनांनी आजारपण, अपघात आणि म्हातारपण ह्यांसाठी निधी राखावा असे आवर्जून म्हटले होते. विमा म्हणजे दुसरे काय आहे? अनेकांनी थोडे देऊन एकाचे मोठे ओझे उचलणे. नफेखोरांनी ती कल्पना मळवली असेल. म्हणून ती परकी होत नाही.

पैशांचा मुद्दा उरतो. ‘‘एवढा हप्ता पाण्यात जातो, फादर.’’ साठी उलटलेल्या जोडप्याचा वर्षाचा हप्ता भारी असतो, हे मान्य. पण तो वाचवण्यासाठी काय केले जाते ते पाहा. हजारो डॉलरच्या डिडक्टिबलची पॉलिसी घेतात. म्हणजे बिलातले पहिले कित्येक हजार डॉलर आपण भरायचे आणि त्यावरचे कंपनीने. हप्ता खाली येतो, व्हिसाची अट पुरी होते, आणि आईला दम लागला तर ‘‘जरा थांब, उद्या बरं वाटेल’’ असे म्हणण्याची पाळी येते. हे मी कठोरपणे लिहितो आहे, कारण तो प्रसंग कठोर असतो. आईवडिलांना आपण नातवंडे सांभाळायला नेतो. पाळणाघराला महिन्याकाठी जे पैसे पडले असते ते ती दोघे वाचवतात. त्यातला वाटा त्यांच्या विम्याकडे वळवताना आपला हात का थरथरतो? त्यापेक्षा एकदा त्यांच्याच औषधांच्या चिठ्ठ्या समोर घेऊन, ‘स्टेबल’चा काळ मोजून, गरज पडल्यास प्रवास दोन महिने पुढे ढकलून योग्य पॉलिसी घेणे अधिक स्वस्त पडते. काकांनी दोन-चार महिने थांबून पॉलिसी घेतली असती तर ती वाडी आज त्यांची असती.

मागे राहणाऱ्या कागदाविषयीही एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याकडे कुणाचेच लक्ष नसते. परदेशी जाताना आपली मुले इथली मेडिक्लेम पॉलिसी बंद करतात. तिकडे तिचा उपयोग नाही म्हणून. उपयोग नाही हे बहुधा खरे. पण परत यायचे आहे ना? आखातात नोकरी संपली की परतावेच लागते. साठाव्या वर्षी, रक्तात साखर आणि हृदयात नळी घेऊन परतलेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळालीच तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते. हीच पॉलिसी अखंड चालू ठेवली असती तर तो काळ कधीच उलटून गेला असता. शिवाय नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी सलग साठ महिने चालली की माहिती दिली नाही ह्या सबबीवर कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त फसवणुकीचा.

माझ्या ह्या खटाटोपावर धर्मग्रामात टीका झाली, हे लपवत नाही. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत एका ज्येष्ठांनी विचारले, ‘‘फादर विमा एजंट झाले काय?’’ मी कुठलीही पॉलिसी विकत नाही, कुठल्याही कंपनीचे नाव सुचवत नाही आणि चहासुद्धा कुणाचा घेत नाही. मी फक्त इतकेच ठरवले आहे की पासपोर्ट आणाल तेव्हा पॉलिसीही आणा. आशीर्वाद दोन्हींसाठी देईन. पॉलिसी नसेल तरीही पासपोर्टला आशीर्वाद देईनच. तो रोखून धरण्याचा मला अधिकार नाही. पण प्रश्न विचारल्याशिवाय सोडणार नाही.

गेल्या महिन्यात एक माउली आली. मुलीकडे निघाली होती. पिशवीतून पासपोर्ट काढला आणि खालून घडी घातलेले कागद. मी चष्मा लावला, तिने पदराने टेबल पुसले, आणि आम्ही दोघांनी पॅरिश ऑफिसात बसून सव्वा तास ती पॉलिसी वाचली. इंग्रजी मी वाचत होतो, औषधांची नावे ती सांगत होती. थायरॉईडच्या गोळीशी येऊन ती थांबली. ‘‘ही तर दिवाळीत बदलली, फादर.’’ अर्जात ती नव्हती. तिने तिथूनच मुलीला फोन लावला. तिकडे मध्यरात्र होती. मुलगी घाबरून उठली, मग चिडली, मग वही घेऊन बसली. तिकीट तीन महिन्यांनी पुढे गेले आहे. त्यासाठी विमान कंपनीने जे पैसे कापले त्याबद्दल त्या बाई अजून माझ्यावर थोड्या रागावलेल्या आहेत.